साक्षीचा माईक

चंगाईच्या सभेत माईक बरं झालेल्यालाच मिळतो. मांडवात तीनशे माणसं बसलेली असतात. त्यातले चार-पाच जण पुढं येऊन सांगतात, गुडघा दुखायचा थांबला, पोटातला गोळा विरघळला, पोराची फिट गेली. बाकीचे आपापलं दुखणं पदरात बांधून टेम्पोत बसतात नि गावाकडं जातात. त्यांची मोजदाद कुणी करत नाही. जे पुढच्या महिन्यात वारले, ते तर साक्ष द्यायला येणारच नाहीत.

मी अशा एका मंडळीत सहा वर्षं होते नि चार वर्षांपूर्वी बाहेर पडले. मंडळीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण तिथल्या शिकवणुकीशी आहे नि ती शिकवण एका शेडपुरती नाही. ती अशी : ख्रिस्ताच्या जखमांनी तू आधीच बरी झाली आहेस. तरी आजार दिसतो, तो तुझ्या अविश्वासामुळं, नाहीतर घराण्यातल्या दडलेल्या पापामुळं. आणि चंगाई मिळाल्यावर गोळी घेणं म्हणजे देवावर शंका घेणं.

या शिकवणुकीची किंमत आमच्या घरात माझ्या चुलतीनं मोजली. तिला आम्ही नानी म्हणतो. साखरेचा जुना आजार, सकाळी सुई, रात्री गोळी. तळपायाची इतकी आग व्हायची की रात्र रात्र ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायची. उपास-प्रार्थनेला जायला लागली नि एक दिवस म्हणाली, "पोरी, आग गेली बघ. देवबापानं फुंकर घातली." तिला पुढं नेलं, मोबाईलवर साक्ष घेतली. "आता सुईची गरज हाये का, आई?" असं पास्टरनं माईकवर विचारलं. समोर अख्खा मांडव हालेलुया करतोय, तिथं म्हातारी काय म्हणणार? "न्हाई," म्हणाली.

साखरेनं पायाच्या नसा मरायला लागल्या की आधी आग होते, मुंग्या येतात, आणि पुढं पुढं काहीच कळेनासं होतं. साखरेच्या रोग्याला तपासणारा कुठलाही डॉक्टर हे सांगेल. नानीची आग थांबली होती, पण पाय बधिर झाला म्हणून. पुढं रानात बाजरीचं धसकट तळपायात घुसलं, ते तिला समजलंसुद्धा नाही. जखम काळी पडली तेव्हा मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता नगरला चला. सभेतल्या बाया म्हणाल्या, आता दवाखाना धरला तर मिळालेली चंगाई जाईल. अकरा दिवस असेच गेले. शेवटी घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. पास्टर भेटायला आला नि उशाशी बसून म्हणाला, "आईचा विश्वास मधीच डळमळला."

ती साक्ष मोबाईलवर अजून फिरते. त्यात नानी दोन्ही पायांवर उभी आहे.

शेतकऱ्याला हा व्यवहार ओळखीचा वाटेल. बी उगवलं तर बियाणं चांगलं, नाही उगवलं तर तुम्ही पेरणी खोल केली. पण बियाण्याची तक्रार तालुक्याच्या कृषी कार्यालयात करता येते, पंचनामा होतो. इथं तक्रार करायला गेलं की तक्रार हाच अविश्वासाचा पुरावा ठरतो. यशाचा मालक पास्टर, अपयशाची मालक नानी. दशांश मात्र दोन्ही वेळेला त्याच पेटीत.

आता शास्त्राचं बघू, कारण ही मंडळी कायम शास्त्राचा दाखला मागतात. कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकून खाली सोडलं, तेव्हा येशूनं विश्वास पाहिला तो उचलून आणणाऱ्यांचा. याकोब आपल्या पत्रात सांगतो की आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे विश्वासानं प्रार्थना करण्याचं काम त्यानं वडिलांच्या अंगावर टाकलं आहे. त्या हिशोबानं नानी बरी झाली नाही, तर आधी जाब कुणाला विचारायचा? नासरेथचं उदाहरण ते नेहमी देतात, की तिथं अविश्वासामुळं चमत्कार झाले नाहीत. पण मार्कानं तिथंच लिहिलंय की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून येशूनं त्यांना बरं केलं. अविश्वास धडधाकट गावकऱ्यांचा होता, आजाऱ्यांना त्याबद्दल बोल लावलेला नाही. पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. त्रफिमाला त्यानं मिलेतात आजारीच ठेवलं. तीमथ्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस सांगितला. आणि त्याचा जिवाभावाचा सोबती लूक हा वैद्य होता. यांतल्या कुणाला पौलानं अविश्वासी म्हटलं, ते मला एकानं दाखवावं.

कुणी म्हणेल, ही जुन्या मंडळीची थंड भाषा झाली, तुम्हाला पवित्र आत्म्याचं वावडं आहे. बिलकूल नाही. आत्म्याचं हे जागरण आमच्याच मुलखातलं आहे. दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत जाग्या झाल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा सुरू झाली ती नंतर, १९०६ साली. म्हणून चंगाईवाले रमाबाईंचं नाव अभिमानानं घेतात, आणि घ्यावंच. पण मग पुरतं घ्यावं. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर व्हायचं मनात होतं, बहिरेपणामुळं ते राहिलं. त्या कानांनिशी त्यांनी केडगाव उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो पोरी-बायका सांभाळल्या, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. जागरण झालं तरी बहिरेपण गेलं नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली आणि पुढल्याच वर्षी त्या गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायची छाती कुणाची आहे? आणि ती नसेल, तर नानीच्या उशाशी बसून तेच बोलायची कशी होते?

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला तर दवाखाना परका नाहीच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. प्रार्थनेबरोबर शाळा आली नि औषधही आलं. राहुरीचे बॅलंटाइनसाहेब पाद्री होते नि डॉक्टरही होते. नगरला डॉ. रूथ ह्यूम बायका-मुलांच्या दवाखान्यात राबल्या. कोविडच्या २०२० सालात साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलात सगळ्या जातिधर्मांची माणसं खाटेवर होती. तिथल्या नर्सा प्रार्थना करत असतील, पण त्यासाठी सलाईन काढून ठेवत नव्हत्या.

आणि आमचे आजे-पणजे कशातून बाहेर पडले, हे तर विसरताच येणार नाही. बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतली माणसं. ताप आला की देवऋषी, पोर दगावलं की कुणाची तरी करणी, उतारा, लिंबू, कोंबडं. करणीचा आळ बहुतेक वेळा एखाद्या रांडमुंड बाईवर यायचा. ते सारं टाकून ही माणसं देवळात आली. आज घराण्याचा शाप शोधणारा, मंतरलेला रुमाल नि तेलाची बाटली देणारा माणूस कोट-टाय घालून परत आमच्याच ओट्यावर बसला आहे. देवऋषी निदान डॉक्टरकडं जाऊ नको अशी बायबलची शपथ घालत नव्हता.

तरी लोक तिकडं का जातात? माझंच सांगते. जुन्या मंडळीत रविवारची भक्ती आटोपली की पाळकसाहेबांना दुसऱ्या गावची भक्ती गाठायची असे. इमारतीच्या नि जमिनीच्या भांडणात वर्षं गेली. दुखणाईताच्या घरी येऊन कुणी बसत नव्हतं. सरकारी दवाखान्यात नंबर लागेस्तोवर दुपार, खासगीत गेलं की शेळी विकायची वेळ. सभेत मात्र कुणीतरी डोक्यावर हात ठेवायचं, नाव घेऊन विचारायचं, आई, काय होतंय? त्या हाताची ऊब खोटी नव्हती. म्हणून मला राग येतो तो जास्तच. माणसाला ज्या हाताचा आधार वाटतो, त्याच हातानं त्याची सुई काढून घेणं हा विश्वासघात आहे.

मी हे सभेत बोलले तेव्हा मला स्तोत्रातलं वाक्य ऐकवलं, की देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नये. एकशेपाचवं स्तोत्र उघडून पाहा. तिथं अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल बोलणं चाललं आहे : मूठभर माणसं, परक्या मुलखात या गावाहून त्या गावाला हिंडणारी. हात लावू नका अशी तंबी देव राजांना देतो. बेघरांना सत्तेपासून वाचवणारं ते वचन आहे. ज्याच्या हातात माईक आहे, त्यानं ते पाय गेलेल्या म्हातारीच्या पुतणीवर उगारावं, यासारखा वचनाचा अवमान दुसरा नाही.

"हे लिहू नकोस, बाहेरच्यांच्या हाती कोलीत मिळेल," असं काही आप्त सांगतात. दिवस कसे आहेत हे मलाही कळतं. प्रार्थनेला जमलेल्यांवर धावून जाणाऱ्यांशी माझं काहीएक सख्य नाही. पण त्यांच्या भीतीनं घरातलं गळू फोडायचं नाही, असं ठरवलं तर मरणार घरातलंच माणूस. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरला आहे. तो कायदा धर्म विचारत नाही. पोलीस दारात येण्याआधी आपल्या माणसांनी आपलं घर झाडावं, एवढंच म्हणते.

म्हणून माझं मागणं प्रत्येक मंडळीकडं, जुन्या आणि नव्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, खुशाल रात्रभर करा. पण सुई, टीबीच्या, फिटच्या गोळ्या थांबवायचं कुणीही माईकवरून सांगायचं नाही. साक्ष घेण्याआधी डॉक्टरचा कागद बघायचा, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाच्या घरी जाऊन काय झालं ते त्याच मांडवात सांगायचं. जो बरा झाला नाही त्यालाही माईक द्यायचा. आणि नानीची ती साक्ष मोबाईलवरून काढून टाकायची. चार वर्षं मी हे शेवटचं मागते आहे, अजून काढलेली नाही.