क्रेन आली, खुर्चीत कोण?

मीटरला 60 किलो, म्हणजे 13 मीटरचा एक रूळ 780 किलोचा. गँगमनच्या खांद्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. आता स्वतःच्या इंजिनावर धावणारी क्रेन तो सहज उचलते. यंत्राला शिव्या घालू नका. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, हे बाबासाहेबांनीच ठणकावलं होतं. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी खरं दुखणं दाखवलं: अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो.

मग आज विचारा, ओझं उतरलं, पण ऑपरेटरच्या खुर्चीत कोण बसलं? खासगी कंत्राटदाराच्या भरतीला आरक्षण लागू नाही. म्हणून मागणी एकच: ज्यांनी रूळ वाहिले, त्यांच्या पोरांना आधी क्रेनचं प्रशिक्षण द्या. फावडं आमचं आणि लिव्हर तुमचा, हे चालणार नाही. जय भीम!