कॅमेरा मोठा की नजर?

"ताई, मोठा कॅमेरा असता तर माझेही फोटो छान आले असते!" पोशेऱ्याच्या बचत गटातली एक मुलगी परवा म्हणाली. त्यासाठी गटातून कर्ज काढायलाही ती तयार! मी म्हटलं, जरा थांब. आपल्याकडे वारली लग्नाचा चौक सवाशिणी कशाने लिहितात? तांदळाचं पीठ अन् एक काडी. याच वारली चित्रकलेसाठी डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. रात्रीचा तारपा नाच टिपायचा तर चांगला कॅमेरा लागतो, हे खरंच. पण दारातल्या कोवळ्या उन्हात बसलेल्या आजीचा चेहरा साध्या मोबाईलमध्येही सुरेख येतो. मैत्रिणींनो, आधी उजेड ओळखायला शिकूया, कर्जाचं मग बघू. पटतंय ना?