कापडी लंगोट उत्तमच, पण ते धुणार कोण?

आठ-दहा दिवसांची बाळंतीण, तिची सासू, तिची आई आणि नवरा असे चौघे समोर बसलेले असतात. आलेले असतात बाळंतिणीचं ब्लड प्रेशर दाखवायला किंवा ताप आला म्हणून, पण गाडी हमखास बाळाच्या लंगोटांवर येते. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. सारखं डायपर लावून ठेवते. आम्ही तीन मुलं वाढवली लंगोटावर." मुलगी मान खाली घालते. नवरा मोबाइलमध्ये बघतो. आणि निकाल मी द्यायचा असतो.

मी फिजिशियन आहे, बालरोगतज्ज्ञ नाही. तरीही पंचवीस वर्षं हा खटला माझ्यापुढे चालू आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या देतात ती कारणं चुकीची आहेत. डायपरमुळे पाय फेंगडे होत नाहीत. पोटात दुमडून बसल्यामुळे प्रत्येक नवजात बाळाचे पाय थोडे बाकदार असतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात. डायपरमुळे मुलाला पुढे मूल होत नाही, हेही व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान आहे, त्याला पुरावा नाही. आणि कापडाने रॅश येत नाही हे तर अजिबात खरं नाही. रॅश येतो तो ओलाव्याने, घासण्याने आणि शी त्वचेला लागून राहिल्याने. कापड ओलं झालं की ओलंच राहतं. डायपरमधली जेल लघवी शोषून धरून ठेवते, त्यामुळे वेळेवर बदललेला डायपर त्वचा कोरडी ठेवण्यात कापडाच्या पुढेच आहे. 'वेळेवर बदललेला' हे दोन शब्द मात्र विसरायचे नाहीत. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, डायपर दोन-तीन तासांनी बदलायचा आणि शी केली की लगेच.

मग तरीही पहिल्या महिन्यात मी कापडाच्या बाजूने का? कारण कापडावर दिसतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पुरतं आहे की नाही, हे आईला कळणार कसं? बाटलीवर असतात तशा खुणा छातीवर नसतात. बाळ रडतं ते भुकेनेच असं नाही आणि झोपतं ते पोट भरल्यामुळेच असंही नाही. घरबसल्या मिळणारा सर्वात भरवशाचा पुरावा म्हणजे लघवी. पहिले दोन-तीन दिवस ती कमीच होते. पाचव्या दिवसानंतर मात्र २४ तासांत निदान ६ ते ८ लंगोट नीट भिजले पाहिजेत. लंगोटावर हा हिशोब आपोआप होतो, दोरीवर मोजता येतो. चांगल्या डायपरमध्ये तो हिशोब हरवतो. तो बनवलेलाच आहे ओल लपवायला.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात असंच एक कुटुंब आलं होतं, आईचं ब्लड प्रेशर तपासायला. बाळ नऊ दिवसांचं. "एकदम गुणी आहे हो, रडतच नाही. दिवसाला दोन डायपर पुरतात." हे वाक्य ऐकून मी बाळाला काट्यावर ठेवायला सांगितलं. जन्माचं वजन २.९ किलो, त्या दिवशी २.४. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, पण इतकं नाही. टाळू खोल गेली होती, तोंड कोरडं होतं. बाळ गुणी नव्हतं, त्याच्यात रडायचं त्राण उरलं नव्हतं. तसंच नवजात विभागात पाठवलं. रक्तातलं सोडियम फार वाढलं होतं. वाचलं, सुदैवाने. त्या आईला आपलं दूध कमी पडतंय हे कोणी सांगितलं नव्हतं आणि डायपरनेही सांगितलं नाही.

रंगाचंही तसंच. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका, ते युरेटचे कण असतात. पण पाचव्या दिवसानंतरही तो दिसत असेल, तर दूध कमी पडत असावं असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. नवजात बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. ती लंगोट सारखा पिवळा करत असेल किंवा शी पांढरट, चुन्यासारखी होत असेल, तर 'कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा' असं म्हणत बसू नका. पित्ताची नळी बंद असण्याचं ते लक्षण असू शकतं. त्याचं ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त असते, आणि आपल्याकडे हे दिवस 'जाईल हळूहळू' म्हणण्यातच जातात.

इथपर्यंत सासूबाई खूश असतात. आता दुसरा प्रश्न, जो माझ्यासमोर कधीच कोणी काढत नाही. धुणार कोण?

नवजात बाळ दिवसरात्र मिळून पंधरा-वीस वेळा शू करतं. म्हणजे तितके लंगोट, त्याखालची दुपटी, शिवाय झबली. शी आधी काढायची, भिजवायचं, धुवायचं, दोन वेळा खळबळायचं, वाळत घालायचं, घड्या करायच्या. वॉशिंग मशीन यातलं निम्मंच करतं. आणि हे सगळं करायचं कोणी, तर पोटावर टाके असलेल्या, दर दोन तासांनी पाजायला उठणाऱ्या, हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईने? 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्यांना मी आठवण करून देतो, की तुमच्या वेळी पहिलं बाळंतपण माहेरी होतं, घरात काकू, मामी, बहिणी होत्या, धुण्याला बाई होती. सव्वा महिना तुम्हाला पाण्यात हात घालू दिला नव्हता. ती माणसं गेली आणि लंगोट तेवढे मागे राहिले.

म्हणून माझा निकाल ठरलेला आहे. लंगोट बाळंतिणीने धुवायचे नाहीत. ज्याचा कापडाचा आग्रह असेल त्याने धुवावेत, आणि बाळाचे बाबा सोयीस्कर गप्प बसले असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करावी. धुणारं माणूस असेल तर दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. नसेल, तर सरळ डायपर वापरा आणि कोणी आळशी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा. फक्त वहीत मोजणी ठेवा. शू कळत नसेल तर एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात तोलून बघा, भरलेला डायपर किती जड लागतो याचा अंदाज येईल.

धुताना साधा साबण पुरतो. जंतुनाशकाचं पाणी नको, त्याचा अंश कापडात राहून त्वचा भाजते. वाळवणं उन्हात, पावसाळ्यात वरून गरम इस्त्री. नाडी बेंबीच्या खाली आणि सैल. पाय सरळ ओढून घट्ट बांधू नका, खुब्याच्या सांध्याला ते वाईट. पावडर नको. रॅश आलाच तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. घरात गजकर्णासाठी आणलेली ट्यूब चुकूनही लावू नका, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं.

पर्यावरणाचं थोडक्यात. ब्रिटनमधल्या २००८ च्या सरकारी अभ्यासात दोन्हींचा कार्बनचा हिशोब जवळपास सारखा निघाला. फरक पडतो तो धुण्याच्या पद्धतीने. आपण दोरीवर वाळवतो, त्यामुळे आपलं पारडं कापडाकडे झुकतं. डायपर वापरलात तर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्या. कचरा वेचणाऱ्या ताईंना तो हाताने उचलावा लागतो.

आणि ट्रंकेतून काढलेले मोठ्या भावंडाचे लंगोट-दुपटी. जुनं, मऊ झालेलं कापड उत्तमच. पण त्यात डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर ते बाळाला तसंच गुंडाळू नका. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांमध्ये त्या गोळ्यांच्या वासानेसुद्धा तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. आपल्या बाळात ते कमी आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. वास येतो ते कपडे बाळाच्या खोलीतच आणू नका, आणि त्या गोळ्या आजच कपाटातून काढा.