दोन दिवसांचें तोमार

अलीकडे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें शिक्षणाच्या अगर नोकरीच्या निमित्तानें युरोपांत राहूं लागलीं आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या वडील मंडळींना शनिवार-रविवारची सुटी कोठें घालवावी हा प्रश्न पडतो. अशा सुटीचा बेत आंखतांना बहुधा एक दोष घडतो : दोन दिवसांत चार-पांच शहरें बसविलीं जातात. सामान बांधण्यासोडण्यांतच निम्मा वेळ जातो, आणि घरीं परतल्यावर छायाचित्रें पाहून 'हें कोणतें गांव?' असें एकमेकांस विचारण्याची पाळी येते. आमचें मत असें कीं, दोन दिवसांना एकच लहान गांव पुरे; मात्र तें विचारपूर्वक निवडावें. पोर्तुगालपुरतें बोलावयाचें तर आम्ही तोमारचें नांव सुचवूं.

लिस्बनच्या ईशान्येस सुमारे 140 कि. मी. अंतरावर, नाबांव नदीच्या कांठीं हें गांव आहे. लिस्बनच्या सान्ता आपोलोनिया स्थानकावरून निघणारी गाडी सुमारे दोन तासांत तेथें पोंचते. तोमार हें त्या फांट्याचें शेवटचेंच स्थानक असल्यामुळें उतरावयाचें चुकेल ही धास्ती नाहीं. शुक्रवारीं सायंकाळीं मुक्कामास जावें, म्हणजे दोन दिवस पुरते हातीं लागतात. ऋतु वसंत किंवा शरद् असावा. उन्हाळ्यांत त्या भागांत ऊन कडक असतें.

भाषेची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. पाव आणि बटाटा हे आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेले शब्द. खोलीची चावी आणि न्हाणीघरांतील बादली हींहि त्याच घरचीं. पैसे चुकते करणें याला त्यांचें क्रियापद 'पागार' असें आहे, हें ऐकून आपल्याकडील पगारदार मंडळींना गंमत वाटेल. शाकाहारी कुटुंबांनीं मात्र सावध असावें. भाज्यांच्या साराच्या वाटींतहि मांसाचा तुकडा निघूं शकतो. म्हणून मांस व मासळी नको, हें दरवेळीं स्पष्ट सांगावें. 'फातियश द तोमार' हें गांवचें प्रसिद्ध पक्वान्न अंड्यांच्या बलकाचे काप साखरेच्या पाकांत मुरवून केलेलें असतें. अंडें वर्ज्य असणारांनीं त्याचें केवळ दर्शन घ्यावें.

शनिवारची सकाळ टेकडीवरील किल्ल्यासाठीं राखून ठेवावी. चढण फार नाहीं. तरी वयस्कर मंडळींनीं मोटारीनें वर जाणें बरें. हा किल्ला टेंपलर नांवाच्या लढवय्या धर्मपंथाचा पोर्तुगालांतील प्रमुख गुआल्दीं पाइश यानें 1160 सालीं बांधावयास घेतला. आंतील मठाचें जुनें देवालय बाहेरून सोळा बाजूंचें असून त्याच्या मध्यभागीं अष्टकोनी गाभारा आहे. पुढें 1312 सालीं पोपनें टेंपलर पंथ मोडला, तेव्हां पोर्तुगालचा राजा दिनीश यानें 1319 सालीं 'ख्रिस्ताचा पंथ' असा नवा पंथ स्थापून जुन्याची मालमत्ता त्याच्या हवालीं केली. 1357 सालापासून या पंथाचें ठाणें तोमारला होतें. राजपुत्र हेन्री 1420 पासून 1460 पर्यंत त्याचा कारभारी होता, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यानें दक्षिणेकडे गेलेल्या सफरींना या पंथाच्या उत्पन्नाचा मोठा आधार मिळाला. वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर जो तांबडा क्रूस होता तो याच पंथाचा.

त्या सफरींचें ऐश्वर्य दगडांत पाहावयाचें असेल तर मठाच्या सभागृहाच्या खिडकीसमोर थोडा वेळ उभें राहावें. दियोगु द आर्रुदा या शिल्पकारानें 1510 ते 1513 या काळांत ती घडविली. दोरखंड, पोंवळीं, समुद्रांतील शेवाळ, राजा मानुएलचें खगोलयंत्र, आणि या सर्वांवर पंथाचा क्रूस, असें तें काम आहे. त्याच 1510 सालीं आल्बुकर्कनें गोवें जिंकलें, हें मनांत असूं द्यावें. हा मठ 1983 सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहे. तो घाईनें पाहूं नये, तीन तास सहज लागतात. दुपारीं नदींतील मोशांव या बेटावरच्या बागेंत विसांवा घ्यावा. तेथें लांकडी रहाट आहे; कोंकणांतून आलेल्या माणसाला तो पाहून क्षणभर घरीं आल्यासारखें वाटेल.

रविवारीं सकाळीं जुन्या पेठेंतील एका अरुंद गल्लींत जावें. तेथें ज्यू लोकांचें पंधराव्या शतकाच्या मध्यांत बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. खोली एकच, चार खांबांवर छत तोललेलें. प्रार्थनेचा आवाज घुमावा म्हणून भिंतींच्या कोपऱ्यांत वरच्या बाजूस मातीचीं मडकीं उपडीं बसविलीं आहेत. परंतु या मंदिरांत प्रार्थना फार काळ झाली नाहीं. 1496 सालीं राजा मानुएलनें ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम केला, आणि दुसऱ्या वर्षीं उरलेल्यांचा सक्तीनें बाप्तिस्मा करविला. पुढें या वास्तूचा तुरुंग झाला, ख्रिस्ती प्रार्थनास्थान झालें, गवताचें कोठारहि झालें. 1923 साली साम्वेल श्वार्त्स या खाण-अभियंत्यानें ती विकत घेतली आणि 1939 सालीं संग्रहालयासाठीं सरकारला दिली.

त्या संग्रहालयाला आब्राहाम झाकुतो याचें नांव आहे. हा ज्यू ज्योतिषी स्पेनमधून हद्दपार झाल्यावर पोर्तुगालांत आला. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवतारा दिसत नाहीं. अशा वेळीं मध्यान्हीचा सूर्य मोजून आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांति कोष्टकांत पाहून अक्षांश काढावा लागतो. हीं कोष्टकें झाकुतोनें तयार केलीं आणि तीं 1496 सालीं लैरिया येथें छापलीं गेलीं. आपल्या घरांत पंचांग उघडणाऱ्या वाचकाला या कामाचें मोल सांगावयास नको. 1497 सालीं गामा लिस्बनहून निघाला तो असल्या गणिताच्या भरंवशावर. आणि त्याच सुमारास झाकुतोला पोर्तुगाल सोडून उत्तर आफ्रिकेचा आश्रय घ्यावा लागला.

यापुढील कथा आपल्या घरची आहे. गोव्यांत 1560 सालीं इंक्विझिशन बसलें. त्याच काळांत कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास नेण्यांत आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आमच्या कित्येक वाचकांचीं कुलदैवतें आज अंत्रुजमहालांत आहेत, तीं या कारणानें. म्हणून आपल्या माणसानें तोमारचीं हीं दोन स्थळें एकमेकांपासून तोडून पाहूं नयेत. नुसती टेकडी पाहिली तर डोळे दिपतात, नुसती गल्ली पाहिली तर मन कडू होतें. दोन्ही पाहिलीं म्हणजे एकाच राजाच्या हातून खिडकी घडली आणि त्याच हातानें हद्दपारीचा हुकूम निघाला, हें उमगतें. आज तें मंदिर तेथल्या सरकारनेंच जतन केलें आहे, ही गोष्टहि न्यायबुद्धीनें ध्यानांत घ्यावी.

मुलें बरोबर असतील तर त्यांना हें सर्व सांगावें, पण परतीच्या गाडींत. गल्लींत उभें राहून व्याख्यान देऊं नये. आणि ज्यांना उत्सवाची हौस असेल त्यांनीं वर्ष पाहून जावें. दर चार वर्षांनीं जुलै महिन्यांत येथें 'ताबुलैरुश'चा उत्सव भरतो. गांवच्या तरुणी आपल्याच उंचीएवढी, तीस पावांची व कागदी फुलांची उतरंड डोक्यावर घेऊन मिरवणुकीनें चालतात, आणि मागाहून गोरगरिबांना अन्न वांटलें जातें. 2019 आणि 2023 या सालीं तो झाला. त्या हिशेबानें पुढील पाळी 2027 ची येते. त्या दिवसांत गांवांत पाऊल ठेवावयास जागा नसते, तेव्हां खोलीची व्यवस्था कित्येक महिने आधीं करून ठेवणें अवश्य आहे.