पासवर्डचा काय दोष?

थंडरबर्ड पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारू लागला, की होस्टेलात उपाय ठरलेला: ‘बदलून टाक ना राव!’ मला हे पटत नाही. पासवर्ड बदलला की मोबाईलवरही पुन्हा लॉगिन आलं, आणि मूळ दुखणं तसंच. ऐन प्लेसमेंटच्या दिवसांत इंटरव्ह्यूची मेल हुकली तर?

मित्रांनो, आधी ब्राउझरमधून लॉगिन करून पाहा. झालं, तर पासवर्ड निर्दोष, अडचण पद्धतीची. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांत नेहमीच्या पासवर्डवर अशा प्रोग्रॅमला आत सोडणं गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केलंय. ‘नॉर्मल पासवर्ड’ हे सेटिंग ठेवून शंभरदा टाइप करा, सर्व्हर नाहीच म्हणणार! येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही मेलच्या सेटिंगमध्ये ‘ओऑथ२’ निवडा, कुकीज चालू ठेवा.

इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग आधी निदान, नंतर औषध!