कोरडे घोंगडे

गरम चिवडा डब्यात भरू नये, असे आमच्या मातोश्री दर दिवाळीला बजावीत. तो परातीत पसरून पुरता निवू द्यावा आणि मगच डब्यात भरावा. नाहीतर आतल्या आत वाफ धरते आणि भाऊबीजेपर्यंत चिवडा चामट होतो. हे शास्त्र पुढे मला डोंगरावर तंबू ठोकताना उपयोगी पडणार आहे, असे तेव्हा कुणी म्हणाले असते तर मी हसलो असतो. पण प्रकार तोच आहे. माणूस रात्रभर श्वासावाटे वाफ सोडीत असतो. थंडी वाजते म्हणून तंबूचे सगळे पडदे घट्ट लावून घेतले की ती वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर थेंब पडू लागतात. मंडळी तंबू गळका निघाला म्हणून दुकानदाराचा उद्धार करतात! बिचारा तंबू गळत नसतो. आपलाच श्वास आपल्यावर गळत असतो. वरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, एवढाच त्यावर उपाय.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ वाचक फराळाचे डबे पाठीवर घेऊन गडावर जातील, म्हणून हा विषय काढला. शिवाय त्यामागे माझे एक जुने देणे आहे.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयातली बारा मुले घेऊन मी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. वाट पाचनईची, म्हणजे त्यातल्या त्यात सोपी. पाऊस अकोले तालुक्यात पडावा तसाच पडत होता. निघताना एका मुलाने विचारले, "सर, कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू का?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अरे, सॅकला रेनकव्हर आहे ना? मग झाले!" मराठी शिकवणाऱ्या माणसाला सगळ्याच विषयांतले कळते, असा माझा त्या काळी समज होता.

रेनकव्हर सॅकच्या बाहेरच्या अंगाला असते. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून उतरणारे पाणी तिथून निवांत आत शिरते. गुहेत पोचून त्याने सॅक उघडली, तेव्हा सदरे, पांघरूण, टॉवेल, सारे पिळून काढावे असे झाले होते. अंगावरचे कपडे सुती. ओले सुती कापड अंगाची ऊब शोषून घेते. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते. हे मला आज ठाऊक आहे. त्या रात्री नव्हते.

मुलगा आधी कुडकुडत होता. आम्ही थट्टा केली. मग त्याचे कुडकुडणे थांबले आणि मला वाटले, बरे झाले, सरावला. पण त्याचे बोलणे जड येऊ लागले. सदऱ्याची गुंडी त्याला लावता येईना. आमच्याबरोबर वाट दाखवायला पाचनईचे एक मामा आले होते. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मला बाजूला सारले. म्हणाले, "पोरगं गारठलंय, सर. वल्ली कापडं काढा आधी." त्यांच्याजवळ सामान म्हणजे खताची एक रिकामी गोणी. तिच्या आत प्लॅस्टिकचा कागद, कागदात घोंगडे. आणि त्या सबंध गुहेत कोरडी अशी तेवढी एकच वस्तू. मुलाला त्यात गुंडाळला, दोन्ही बाजूंना दोघांना बिलगून बसवले आणि स्टोव्हवर केलेला गोड चहा घोट घोट पाजला. तासाभराने तो पुन्हा कुडकुडू लागला. कुडकुडण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी, तिच्यात पांघरूण आणि रात्रीच्या कपड्यांचा एक जोड. हा जोड मुक्कामी पोचल्यावरच अंगावर चढवायचा आणि सकाळी चालायला निघताना पुन्हा काढून ठेवायचा. सकाळी ओलेच कपडे घालायला जिवावर येते, घालावे. काडेपेटी झाकणाच्या डबीत. विजेरी सर्वांत वरच्या कप्प्यात, कारण ती लागते तेव्हा शोधायला उजेड नसतो. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की रात्रीतून बरेच पाणी शोषले जाते (अग्रलेखाचे पानही चालते). बूट किंवा नायलॉनचे कपडे जाळाशी धरून मात्र वाळवू नयेत. चामडे तडकते, नायलॉन वितळते. सकाळी बूट उलटे करून झटकल्यावाचून पाय घालू नये, विंचवाला उबदार जागा आवडते. भांडी चुलीवर ठेवायची असतील तर बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यावा. काजळी लेपाबरोबर निघून जाते आणि बाकीचे सामान काळे होत नाही.

आणि घरी आल्यावर आंघोळीआधी तंबू दोरीवर टाकावा. कितीही दमला असाल तरी! ओला तंबू घडी करून ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके उठतात आणि तो कुबट वास काही केल्या जात नाही. आमच्या घरात या प्रकरणी तंबू बाहेर जाईल की मी, असा प्रश्न एकदा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी गड उतरल्यावर मी मामांना पैसे देऊ लागलो. त्यांनी घेतले नाहीत. विचारले, "मामा, एवढ्या पावसात तुमचं घोंगडं कोरडं कसं राहिलं?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "वल्लं झालं तं रातच्याला पांघरू काय?" मग जरा थांबून त्यांनी माझ्या सॅकवरचे ते रेनकव्हर बोटांनी चाचपून पाहिले आणि हे पावसाळ्यात कोंबड्यांच्या डालग्यावर टाकायला बरे पडेल, असे म्हणाले. मी ते तिथेच काढून त्यांना दिले.