साखळीचं दुसरं टोक

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. बदलापूरच्या कात्रपमधल्या बऱ्याच जुन्या चार मजली इमारतींना ती नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि दुसऱ्या मजल्यावर एक जर्मन शेफर्ड राहतो. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. शाळेतून आली की पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबते, साखळी वाजते का ते ऐकते, मग पाठीवरचं दप्तर काढून पोटाशी धरते आणि भिंतीला घासत दुसरा मजला ओलांडते. तिसऱ्या मजल्यावर पोचली की दप्तर पुन्हा पाठीवर जातं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर तिचं तिनेच ठरवलं.

त्या पावसाळ्यात एका सुट्टीच्या संध्याकाळी खालच्यांच्या सेफ्टी डोअरची कडी लागलेली नव्हती. कुत्रा दार ढकलून बाहेर आला, मुलगी घाबरून पळाली आणि चार पायऱ्या घसरून पडली. तो तिच्यावर उभा राहून भुंकत होता. घरातल्या दादाने धावत येऊन त्याचा गळपट्टा धरला. चावा नव्हता, दात लागले नव्हते. गुडघा सोलवटला होता आणि फ्रॉक ओला झाला होता. मी खाली पोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काही करत नाही गं तो. खेळायला येतो."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. काकूंविरुद्ध नाही. मुलीला ताप आला की सगळ्यात आधी वर येऊन विचारणाऱ्या त्याच आहेत. पण हे वाक्य कात्रपच्या जिन्याजिन्यांत ऐकू येतं, आणि ते खोटं आहे.

"काही करत नाही" म्हणजे मला काही करत नाही. कुत्रा आपल्या माणसांशी कसा वागतो एवढंच मालकाला ठाऊक असतं. परक्याचं किंचाळतं, पळतं, डोळ्याला डोळा भिडवणारं लेकरू समोर आलं की तो काय करील, हे मालकाने पाहिलेलं नसतं, आणि पाहायची वेळ येईल तेव्हा उशीर झालेला असेल. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हणही इथे पुढे केली जाते. भुंकणं, गुरगुरणं, दात दाखवणं ही कुत्र्याची सांगण्याची रीत आहे, "लांब हो" असं तो सांगतो. मोठ्या माणसाला ते कळतं. साडेपाच वर्षांच्या मुलीला पळायचं एवढंच कळतं, आणि पळणाऱ्याचा पाठलाग करणं कुत्र्याच्या रक्तात आहे.

शिवाय उंचीचा प्रश्न आहे, तो मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. मोठ्या कुत्र्याचं तोंड माझ्या मांडीशी येतं, पण माझ्या मुलीच्या गालाशी. म्हणून लहान मुलांना चावे डोक्यावर, तोंडावर, मानेवर जास्त होतात. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे चढतो, त्यामुळे जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका वेळ कमी मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजच्या बळींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. चावा तर सोडाच, रक्त न आलेला ओरखडा सुद्धा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचा, मग त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्वचेत टोचायची लस असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जायचं. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, आणि त्याच्या सुया खुद्द जखमेच्या आत आणि कडेने. इथल्या माणसाला त्यासाठी अनेकदा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठावं लागतं. ज्याचं हातावर पोट आहे त्याचे चार खाडे. आणि रागावतील या भीतीने मुलं ओरखडा लपवतात, ही धास्ती वेगळीच.

"आमच्याला लस दिली आहे." छान केलं, लशीचं पुस्तक दाखवा. पण लस रेबीजपासून वाचवते, दातांपासून नाही.

दुसरं वाक्य: "मुलंच डिवचतात." डिवचतात, खरं आहे. आमच्याच जिन्यात पोरं जाळीतून पट्टी घालून त्याला चिडवायची. मी दोघांचे कान धरले, त्यांच्या आयांना सांगितलं. मुलांना शिकवायला हवंच. पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी ठेवायचे, डोळ्यांत बघायचं नाही, खाली पडलो तर पोटाशी गुडघे घेऊन कान आणि मान हातांनी झाकायची. माझ्या मुलीला मी हे घरात चटईवर दहा वेळा करून दाखवलं आहे. पण हे शिकवणं म्हणजे कुत्रेवाल्याची जबाबदारी मुलाच्या अंगावर टाकणं नव्हे. रस्ता कसा ओलांडायचा हे आपण मुलांना शिकवतो, म्हणून बेफाम गाडी हाकणारा सुटत नाही.

कायदाही हेच म्हणतो, आणि ही गोष्ट इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल आणि जाणूनबुजून वा हलगर्जीने त्याचा पुरेसा बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेतही हे कलम होतं, २८९ क्रमांकाचं, दंड मात्र हजार रुपयेच. यातला "संभवत असेल" हा शब्द नीट वाचा. चावा बसायची वाट पाहायला कायदा सांगत नाही. सेफ्टी डोअरची कडी न लावणं हाच दोष ठरू शकतो. "अजून चावलाय का?" या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

वरळीचं प्रकरण मी अनेकांना सांगते, कारण ते आमच्या जिन्याच्या फार जवळचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका इमारतीत एक गृहस्थ आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. शेजारी आपला हस्की घेऊन आत यायला लागला. जरा थांबा, अशी विनंती त्यांनी केली. शेजाऱ्याने कुत्र्याला ओढत आत आणलं आणि तो गृहस्थांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने त्या शेजाऱ्याला चार महिन्यांची सक्तमजुरी आणि दंड सुनावला. कुत्र्याला निर्दयपणे ओढत आणल्याचं सीसीटीव्हीत दिसतं, स्वतःच्या प्राण्याचीही त्याला पर्वा नव्हती, हे न्यायालयाने नोंदवलं. सात वर्षं लागली. पण त्या लिफ्टमध्ये मागितलं काय होतं? दोन मिनिटं थांबा, एवढंच.

आणि मानखुर्द. जुलै २०२५, उभ्या रिक्षात बसलेला अकरा वर्षांचा मुलगा, त्याच्यावर आलेला पिटबुल, आणि पुढच्या सीटवर हसणारा मालक. आजूबाजूचे चित्रण करत होते. नंतर गुन्हा दाखल झाला. ते चित्रण मी एकदाच पाहिलं, पुन्हा बघवलं नाही. त्या मुलाची भीती त्या माणसाला करमणूक वाटली. आमच्या जिन्यातलं "खेळायला येतो" आणि ते हसणं एक नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्हींत मुलाची भीती मोजलेलीच नाही. मला भांडायचं आहे ते त्या न मोजण्याशी. भीती हीच दुखापत आहे. दप्तर पोटाशी धरून जिना चढणारी मुलगी जखमीच आहे, टाके पडायची गरज नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. तेही तितकंच चुकीचं आहे, आणि ते बोलणारे माझेच साथी आहेत, म्हणून जास्त स्पष्ट सांगते. आमची गोष्ट कानावर गेली तशी लोकांनी उपाय सुचवले. एकाने पोळीत काहीतरी घालून द्यायला सांगितलं. ते पाप आहेच, शिवाय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जिला वाचवायचं म्हणून मी हे करणार, तिला मी नंतर काय सांगू? दुसऱ्याने म्हटलं, सोसायटीत ठराव करा, कुत्री बंद. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने कधीच स्पष्ट केलं आहे की पाळीव प्राण्यांवर अशी सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही. तिसऱ्याने जातीवर बोट ठेवलं: ही जातच वाईट. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी आणायला राज्यांना सांगितलं होतं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. त्या यादीत हस्की नव्हता आणि जर्मन शेफर्डही नव्हता. वरळीची लिफ्ट आणि आमचा जिना, दोन्ही यादीच्या बाहेर.

भटक्या कुत्र्यांचा विषयही लोक यातच कालवतात. तो नगरपरिषदेकडे न्यायचा प्रश्न आहे. त्याला २०२३ चे जन्मनियंत्रण नियम आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ चे आदेश आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न असतो. इथे दारावर नावाची पाटी आहे.

त्या दारामागे काय आहे ते आता मला माहीत आहे. काकूंचे दोन्ही मुलगे नोकरीला, एक दादरला, एक त्याच्याही पुढे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर, गाडीत दीड तास, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा वेगळी. सकाळी साडेसहाला घर सोडतात, रात्री नऊला येतात. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना तो आवरत नाही, तोच त्यांना ओढतो. म्हणून दिवसभर खिडकीच्या गजाला बांधलेला. दीड हात साखळी. घराला राखण म्हणून आणला, आणि राखण करण्यापलीकडे त्याला आयुष्यात काही दिलं नाही. धावायला बांधलेलं ते अंग, चौदा तास एका जागी, खालून प्रत्येक पावलाचा आवाज येतो आणि जाऊन बघता येत नाही. असा प्राणी चिडका झाला नाही तर नवल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये हेच सांगतो: कायम बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर ती क्रूरता. आखूड साखळीलाही तिथे वेगळं पोटकलम आहे.

म्हणजे माझी मुलगी आणि तो कुत्रा एकमेकांचे वैरी नाहीत. गावातली मोठी माणसं दिवसभर लोकलमध्ये असतात आणि इमारतीत हे दोघं मागे राहतात. दोघांच्याही वाट्याला तो जिना आलाय. माझी मागणी दोघांसाठी एकच आहे, आणि ती साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हाताकडे आहे. सकाळी जायच्या आधी आणि रात्री आल्यावर त्याला जोर असलेल्या माणसाने फिरवून आणायचं. जिन्यात पट्टा आखूड, हाताला गुंडाळलेला. जिना उतरेपर्यंत तोंडाला मुसकी. बैलाला मळणीच्या वेळी मुसकी घालायचे तेव्हा कुणी बैलाचा अपमान मानला नाही. कडी लावायची, आणि साडेबारा ते एक, शाळा सुटायच्या वेळी, बाहेर काढायचं नाही. रेबीजच्या लशीचं पुस्तक वर्षातून एकदा सोसायटीत दाखवायचं. यातलं काहीही कुत्र्यावर प्रेम असणाऱ्याला जड नाही.

"शेजारधर्म" आणि "भूतदया" हे शेवटचे दोन शब्द माझ्यापुढे टाकले गेले. सोसायटीच्या बैठकीत एका आजोबांनी नामदेवांची गोष्ट सांगितली, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची. मी लहानपणापासून ती ऐकत आले आहे आणि मला ती अतिशय प्रिय आहे. पण त्या गोष्टीत पोळी नामदेवांची होती, तूप नामदेवांचं होतं, धावले तेही नामदेवच. शेजारच्या लेकराला त्यांनी पुढे केलं नाही. भूतदया स्वतःच्या ताटातून द्यायची असते. आणि शेजार तुटेल म्हणून गप्प राहणं हा शेजारधर्म असेल, तर तो फक्त कुत्रेवाल्याच्या सोयीचा आहे.

मी आधी दारात जाऊन बोलले. मग सोसायटीला लेखी पत्र दिलं, तारीख, वेळ, काय घडलं, काय हवं, आणि सेक्रेटरींची पोच घेतली. त्याची एक प्रत काकूंच्या हातात स्वतः नेऊन दिली, पाठीमागून नाही. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायची वेळ आली तर देईन, हेही त्यांना तोंडावर सांगितलं. काकू रडल्या. मीही रडले. पण पत्र मागे घेतलं नाही.

त्यानंतर कडी लागते आहे. थोरला दादा पहाटे साडेपाचला त्याला मोकळ्या माळाकडे नेतो. परवा मी दुधाला उतरले तेव्हा दोघं परत येत होते, कुत्रा जीभ बाहेर काढून, दमलेला, माझ्याकडे बघून भुंकलासुद्धा नाही. लशीचं पुस्तक काकूंनी वर आणून दाखवलं, शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती, ती आता नवी झाली. मुसकी अजून आणलेली नाही. "त्याला आवडत नाही," म्हणतात. मुलगी अजून पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबते, पण कालपासून दप्तर पाठीवरच ठेवते. रविवारी दादाला सुट्टी असते. मी मुसकीचं माप घ्यायला त्याच्याबरोबर जाणार आहे.